रिकाम्या तेलटाक्या आणि कामगारांची सुरक्षितता : मावळ परिसराच्या संदर्भात

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कान्हे व लगतचा टाकवे परिसर हा शेतीकडून उद्योगाकडे वळलेला पट्टा होय. कारखाना म्हटला की जनित्रासाठी डिझेल आणि भट्टीसाठी इंधनतेल यांचा साठा ओघानेच आला. भरलेली टाकी धोक्याची आणि रिकामी टाकी निर्धोक, असा समज अशा ठिकाणी सर्रास आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाचे परीक्षण केले आहे.

पेट घेते ती तेलाची वाफ. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे 1.4 ते 7.6 टक्के असतानाच जळते. त्याहून अधिक झाल्यास प्राणवायू अपुरा पडतो. टाकी उपसली की हवा आत शिरते, तळाचा गाळ मात्र तसाच राहतो आणि मिश्रण नेमके याच मर्यादेत येते. डिझेलची वाफ एरवी अल्प असते. परंतु वेल्डिंगने पत्रा तापला की त्याच्या आतील बाजूस चिकटलेल्या थरातून ती झपाट्याने निर्माण होते. ‘डिझेलच तर आहे’ हा दिलासा येथेच फसवा ठरतो.

ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत दूरवर पसरते. 29 ऑक्टोबर 2009 रोजी जयपूरच्या सीतापुरा येथील इंडियन ऑईलच्या आगारात गळालेल्या पेट्रोलच्या वाफेचा असाच ढग पेटून जीवितहानी झाली. पेटलेला द्रव उतारावरून आगही वाहून नेतो. 13 जून 2023 रोजी द्रुतगती मार्गावर कुणे पुलाजवळ टँकर उलटला, तेव्हा जळते रसायन पुलाखालील रस्त्यावर पडले. या दुर्घटनेत चौघांचा मृत्यू झाला.

टाकीतील भडक्याला बाहेर पडण्यास बहुधा मनुष्यद्वाराचीच वाट असते, आणि कामगाराचा चेहरा व हात नेमके तेथेच असतात. नायलॉनचे कपडे वितळून त्वचेला चिकटतात. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. शाई वा टूथपेस्ट लावू नये.

1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 37 ने ज्वालाग्राही पदार्थ असलेल्याच नव्हे, तर पूर्वी कधी असलेल्या टाकीवरही तो पदार्थ पुरता काढल्याविना वेल्डिंग करण्यास मनाई केली होती. केवळ पाण्याने धुणे पुरत नाही. वायुमापकाने आतील हवा तपासावी लागते, आणि काम लांबल्यास पुन्हा तपासावी लागते. टाकीत पूर्वी काय होते, याची नोंद कार्यालयात असते; बाहेरून एका दिवसासाठी बोलावलेल्या वेल्डरला मात्र ती क्वचितच दाखविली जाते.