तांडेल बाई

आपल्या उमापूरच्या माणसाला समुद्र ठाऊक नाही. आपले पाणी म्हणजे विहीर, ओढा, नाही तर तालुक्याच्या उत्तरेने वाहणारी गोदामाई. नदीत भोई जाळे टाकतात, ते आपण पाहिले आहे. समुद्र असा नव्हे. त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. त्याचे पाणी रोज दोन वेळा चढते आणि दोन वेळा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी.

कोकणात आणि मुंबईकडे कोळी लोक समुद्रावर मासे धरतात. होडीवरच्या मुख्य माणसाला ते तांडेल म्हणतात. बाकीचे खलाशी. जाळे कुठे टाकायचे, वारा फिरला तर माघारी केव्हा वळायचे, हे तांडेल ठरवतो. तो चुकला तर सगळ्यांच्या जिवाशी गाठ!

मग कोळीण काय करते? मासळी काठाला आली की पुढचे सारे तिचे. ती मासळी निवडते, सुकवते, पाटी घेऊन बाजार गाठते, भाव करते. पैसा तिच्या पदरी. पण खोल पाण्यात जाणे हे पुरुषाचे काम, अशी रीत पडली आहे. पाटलाची बायको ती पाटलीण. तशी तांडेलीण म्हटली तर कुणालाही तांडेलाची बायकोच वाटेल. म्हणून आम्ही वर 'तांडेल बाई' असे लिहिले.

फार उत्तरेला आइसलँड नावाचा थंड बेटाचा देश आहे. तिथे १७७७ साली थुरीदूर नावाची बाई जन्मली. अकराव्या वर्षी ती बापाच्या होडीत बसली. पुढे स्वतःच होडीची मुख्य झाली. होडी वल्ह्यांची, वर छप्पर नाही, पाणी बर्फासारखे गार. घागऱ्यात वल्हे मारता येत नाही, म्हणून ती तुमान घालायची. लोक नावे ठेवीत. आपल्या बाया कासोटा घालून शेतात राबतात, तसेच ते; पण तिथे ते नवल झाले. पुरुष तिच्या हुकमाने वल्ही मारीत. तिच्या होडीवरचा एकही माणूस बुडाला नाही, अशी तिची ख्याती होती. ती १८६३ साली वारली.

आता आपल्या देशातले ऐका. केरळात चेट्टुवा हे समुद्रकाठचे गाव आहे. तिथल्या रेखाबाई. नवरा मच्छीमार, होडी लहान, पदरी चार मुली. खलाशी मिळेनात, मिळाले तर मजुरी परवडेना. होडी काठावर पडून राहिली तर चूल कशी पेटायची? रेखाबाई स्वतः होडीत चढल्या. लाटांनी पोट ढवळले, ओकाऱ्या झाल्या. तरी त्या जात राहिल्या. जाळे टाकायला, ओढायला, होडी हाकायला शिकल्या.

अशी बरीच वर्षे गेली. काम होत होते, पण कागदावर त्यांचे नाव नव्हते. पुढे सरकारी खात्याने परवाना दिला. खोल समुद्रात मासे धरण्याचा परवाना मिळालेली भारतातली पहिली बाई त्यांनाच मानतात. २०१७ साली केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचा सत्कार केला.

कागदाचे आम्ही मुद्दाम सांगतो. आम्ही शाळेत होतो तेव्हा मुलाचे नाव घालायला आई यायची. आम्ही विचारायचो, "बाई, तुम्ही काम काय करता?"

"काही नाही गुरुजी, घरीच असते."

कापूस वेचून तिच्या बोटांना चिरा पडलेल्या असायच्या. त्या आम्हाला दिसत होत्या. तरी आम्ही वहीत 'घरकाम' एवढेच लिहायचो आणि पुढच्या नावाकडे वळायचो.