आलेखातील रंगांची निवड

लाल रंग तोट्यास आणि हिरवा नफ्यास बहाल केला की आलेखाचा अर्थ कोणासही आपोआप उमगेल, ही सार्वत्रिक समजूत लाल-हिरव्यातील भेद ज्यांना नीट जाणवत नाही अशा वाचकांपुढे टिकत नाही. आणि उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत अशांचे प्रमाण शेकडा ८ च्या आसपास असल्याने, ही अडचण अपवादात्मक म्हणून दप्तरी दाखल करण्याजोगी नाही.

जपानमधील मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी सुचविलेल्या आठ रंगांच्या मालिकेत तांबड्याच्या जागी शेंदरी व हिरव्याच्या जागी निळसर हिरवा योजलेला आहे, कारण त्या निळेपणाच्या आधारानेच हे दोन रंग एकमेकांपासून निराळे ओळखता येतात. तापमानासारखी चढती राशी दाखवायची असेल, तर मात्र उजळपणाचा क्रम निर्णायक ठरतो. जुन्या ‘जेट’ मालिकेत मधला पिवळा सर्वांत तेजस्वी आणि दोन्ही टोके काळवंडलेली असत; मॅटप्लॉटलिब या आलेखनसाधनाने २०१७ साली तिच्याऐवजी मुक्रर केलेली ‘विरिडिस’ गर्द जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत एकसारखी उजळत जाते, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या छपाईतही तिचा क्रम ढळत नाही.

म्हणून संस्थेच्या रचना-नियमावलीत रंग कायम करताना, आलेखातील अर्थवाहक आकृती व तिच्या लगतचा रंग यांत किमान ३:१ विरोध राखावा, हा वेब-सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय दंडक पाळावा; आणि अर्थाचा सारा भार एकट्या रंगावर न टाकता, प्रत्येक रेषेशेजारी तिचे नावही लिहावे.