दाखल, खारीज

"वर्षअखेरीच्या शाळेवर लिहा. नाचगाणी, बक्षीस समारंभ, मुलांचे रंगवलेले चेहरे. फोटोही बरे येतील," असं संपादकांनी सांगितलं आणि 2025च्या एप्रिलात मी जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, डोंगराला पाठ लावून बसलेल्या एका वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन उभा राहिलो. नाचगाणी जानेवारीतच उरकली होती. स्नेहसंमेलन थंडीत असतं हे शाळेत गेलेल्या कुणालाही आठवायला हवं. संपादकांना आठवलं नाही, मलाही नाही. एप्रिलच्या शाळेत रंगवलेले चेहरे नसतात, कागद असतो.

शाळा पहिली ते चौथी. दोन खोल्या, एक व्हरांडा, 11 मुलं आणि दोन शिक्षक. त्यांतले गुरुजी तालुक्याला कसल्याशा बैठकीला गेलेले. राहिल्या बाई. पद उपशिक्षिकेचं, पण मुख्याध्यापकाचा पदभारही त्यांच्याचकडे, म्हणजे शिक्का, कपाटाची किल्ली आणि तांदळाचा हिशेब. त्यांच्यासमोर टेबलावर एक लांबरुंद, कापडी पाठीची वही उघडी होती. मी वाकून पाहायला गेलो.

"हात नका लावू, पानं सुटायला आलीत," त्या म्हणाल्या. नमस्कार त्यानंतर झाला.

ते जनरल रजिस्टर. विदर्भ-मराठवाड्यात त्याला दाखलखारीज म्हणतात आणि मला तेच नाव जास्त आवडतं, कारण त्यात शाळेचं अख्खं काम दोन शब्दांत येतं. मूल आलं की दाखल, गेलं की खारीज. डावीकडे क्रमांक, मग मुलाचं नाव, आईचं नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख एकदा अंकी आणि एकदा अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाचा दिनांक आणि इयत्ता. इथवर जून महिना. मग मधली सगळी वर्षं वगळून ओळ थेट शेवटाकडे उडी मारते. प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक, शाळा सोडण्याचं कारण, शेरा. हे रकाने भरायचा हंगाम म्हणजे एप्रिल-मे.

वर्तणुकीच्या रकान्यात मी मागची चाळीसेक पानं पाहिली. सगळ्या ओळींत 'चांगली'. या वाडीत साठ-सत्तर वर्षांत एकही व्रात्य मूल जन्मलेलं नाही.

या वहीचा हट्टीपणा मला हळूहळू कळत गेला. तिच्यात खाडाखोड चालत नाही. नाव, जात, जन्मतारीख यांतली चूक दुरुस्त करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते आणि ती मूल शाळेत असेपर्यंतच मिळवलेली बरी. एखाद्या गुरुजींनी घाईत लिहिलेला काना माणसाच्या नोकरीपर्यंत, जमिनीच्या वाटणीपर्यंत, पेन्शनीपर्यंत सोबत जातो. म्हातारी माणसं दाखल्याची नक्कल मागायला येतात तेव्हा बाई आधी विचारतात, "साल कोणतं धरू?" कारण त्यांना ते बहुधा माहीत नसतं. जन्मतारखेचं तर विचारूच नका. जुन्या पानांवर ओळीने 1 जून, 1 जून, 1 जून. जन्माची नोंद घरात नसायची, गुरुजी पोराकडे नजर टाकायचे, जूनमध्ये शाळा उघडताना वय बरोबर बसेल असं साल मागे मोजायचे आणि लिहून टाकायचे. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीतली कितीतरी माणसं अजून 1 जूनला वाढदिवसाच्या शुभेच्छा घेतात आणि देणाऱ्याघेणाऱ्या दोघांनाही खरं काय ते ठाऊक असतं.

अशाच एका वहीत 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, 1914 या क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर हे नाव पडलं. 2017पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. शाळेतल्या एका ओळीवरून ठरलेला दुसरा दिवस मला आठवत नाही. आणि 2023च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला महसुली दप्तरांच्या जोडीला शाळांच्या वह्याही निघाल्या. मोडी वाचणारी माणसं अचानक मोलाची झाली. ज्या कपाटाकडे वर्षानुवर्षं उंदरांखेरीज कुणी फिरकलं नव्हतं, त्याच्यासमोर रांगा लागल्या.

"तेव्हा दोन महिने मी शिकवलं कमी आणि पानं उलटली जास्त," बाई म्हणाल्या. "तेव्हापासूनच पाठ सुटलीय हिची."

पण मी तिथे रमलो तो या मोठ्या वहीमुळे नाही. बाईंच्या पर्समध्ये चष्म्याच्या डबीशेजारी आणखी एक वही होती, शंभरपानी, कोपरे मुडपलेली. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास हा शेरा गेला. त्याच वर्षी 20 ऑगस्टला राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय काढला. मूल्यमापनाचे दोन भाग, आकारिक आणि संकलित. पहिली-दुसरीला वर्षभराच्या निरीक्षणाचं, तोंडी कामाचं, कृतींचं, स्वाध्यायाचं वजन 70 टक्के आणि सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं 30. तिसरी-चौथीला 60 आणि 40. मग गुणांची श्रेणी, 91पासून वर अ-1 आणि तिथून खाली उतरत ई-2 पर्यंत. (पाचवी-आठवीला 2023-24पासून वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षा परत आली आहे. या शाळेचा त्याच्याशी संबंध नाही, इथली मुलं तोवर निघून गेलेली असतात.) श्रेणीच्या जोडीला शिक्षकाने मुलाविषयी शब्दांत लिहायचं. शीर्षकं तीन: विशेष प्रगती, आवड/छंद, सुधारणा आवश्यक. त्यांना वर्णनात्मक नोंदी म्हणतात.

कल्पना फार सुंदर आहे. वर्षातून एकदा राज्यातल्या प्रत्येक मुलाविषयी कुणीतरी मोठ्या माणसाने विचार करून दोन वाक्यं लिहायची. तिचं पुढे काय झालं ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. तयार नोंदींच्या याद्या निघाल्या. विषयवार, इयत्तावार, शेकड्याने. 'परिपाठात सहभाग घेतो', 'शब्दांचा योग्य उच्चार करतो', 'हस्ताक्षर सुधारणे आवश्यक'. व्हॉट्सअॅपवर त्यांच्या फायली फिरतात, मार्च उजाडला की जोरात. मी शिक्षकांना हसत नाही. चाळीस मुलं, आठ-नऊ विषय, दोन सत्रं असा गुणाकार केला तर कुणीही यादीच शोधेल.

बाई यादी वापरत नाहीत. 11 मुलांत ते परवडतं, असं त्याच म्हणाल्या. शंभरपानी वहीत वर्षभर एकेक ओळ पडत जाते, तारीख घालून, कधी पेनाने, कधी कोळशासारख्या जाड पेन्सिलीने. त्यांनी मला वही हातात दिली नाही, वाचून दाखवली. नावं गाळली.

"बेरजेत हातचा विसरते. आजीच्या दुकानात सुट्टे परत देताना विसरत नाही."

"गोष्ट सांगताना शेवट बदलतो. का, तर तो शेवट बरा नव्हता."

"शेळी व्याली, चार दिवस गैरहजर. पाचव्या दिवशी करडांची नावं फळ्यावर लिहिली, चारही बरोबर. जोडाक्षरासकट."

एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'सुधारणा आवश्यक' समोर त्यांनी लिहिलं होतं, 'ओढ्यावर साकव हवा.' तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. हे मुलाबद्दल लिहायचं असतं, म्हणाले. बाई म्हणाल्या, मुलाबद्दलच आहे, जुलै-ऑगस्टमध्ये तो 19 दिवस आला नाही. साहेबांनी सही केली. साकव अजून झालेला नाही.

त्या एप्रिलात बाईंच्या मागे घाई लागली होती. राज्याने पहिली ते नववीच्या परीक्षांचं वेळापत्रक एकच ठरवलेलं, 8 ते 25 एप्रिल. निकाल नेहमीप्रमाणे 1 मेला. पंचवीस तारखेला शेवटचा पेपर आणि मधे पाच दिवस. त्यांत पेपर तपासा, आकारिकचे गुण मिळवा, संकलन तक्ता भरा, प्रगतिपुस्तकं लिहा. मोठ्या शाळांतले शिक्षक वैतागले होते ते उगाच नाही. इथे मुलं 11च, पण गुरुजी बैठकीला गेले की लिहिणारा हातही एकच आणि ऊन व्हरांड्यापर्यंत आलेलं.

त्यातच शाळापूर्व तयारीचा मेळावा. 2022पासून राज्यभर हा उपक्रम चालतो, 'पहिले पाऊल' नावाचा. जूनमध्ये पहिलीत येणारी मुलं एप्रिलातच आईबरोबर शाळेत बोलवायची आणि सात टेबलांवरून फिरवायची: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. प्रत्येक ठिकाणी मुलाला काहीतरी करायला द्यायचं आणि विकासपत्रावर खूण करायची. मग आयांचे गट करून सुट्टीत घरी काय काय खेळवायचं ते सांगायचं. इथे सात टेबलं नव्हती. दोन टेबलं, एक बाक, बाकी सतरंजी. मांडायला चौथीतली तिघं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी झेंडूचं तोरण लावलं होतं.

मुलं आली दोन, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी तुरुतुरु सगळं करून मोकळी झाली. मुलगा बौद्धिक विकासाच्या सतरंजीवर अडला. त्याला दहाबारा पानं दिली होती, रंगाने किंवा आकाराने वेगळी लावायला. त्याने बराच वेळ घेऊन दोन ढीग केले. रंग जुळत नव्हता, आकारही नाही. चौथीतला पोरगा त्याला हळूच सुचवायला लागला तशा बाई म्हणाल्या, "थांब रे, त्याला विचार." विचारलं. हा ढीग शेळी खाते तो, हा नाही खात तो. बाईंनी विकासपत्रावर खूण केली आणि पर्समधून शंभरपानी वही काढली. अजून दाखल न झालेल्या मुलाची पहिली ओळ तिच्यात पडली.

1 मेला मी पुन्हा गेलो. सात वाजता झेंडा, मग राज्यगीत, मग निकाल. प्रगतिपुस्तक हातात घेऊन मुलं आधी चित्र काढलेलं पान बघतात, श्रेणी नंतर. चौथीतल्या तिघांना निरोप म्हणून मावशींनी घरून शेवया आणल्या होत्या. तिघांपैकी कुणी भाषण केलं नाही. एकीने शाळेच्या नळाची तोटी घट्ट बंद होत नाही, तिला कापड कसं बांधायचं, ते तिसरीतल्या मुलाला नीट करून दाखवलं. ते काम तिच्याकडे होतं.

मग एक वडील पुढे आले. मुलगा दुसरीतला.

"बाई, दाखला पाहिजे होता."

"कुठं घालताय?"

"फाट्यावर गाडी येती त्या इंग्लिश मीडियमची. थोरल्या भावाची पोरं जात्यात."

बाईंनी एवढंच विचारलं, सकाळी किती वाजता निघावं लागेल. सहा. मग त्यांनी दाखल्याचं पुस्तक काढलं. कायद्याने दाखला अडवता येत नाही, उशीरही करता येत नाही, आणि बाई अडवणाऱ्यांतल्या नाहीत. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं. हेच सगळीकडे लिहितात. गाव सोडून ऊसतोडीला गेलेल्याच्या ओळीतही हेच, बदलून गेलेल्या तलाठ्याच्या मुलाच्या ओळीतही हेच. खरं कारण मावेल एवढा तो रकाना रुंद नाही. कागदावर खारीज झालेलं मूल मग संगणकावरही काढावं लागतं. यूडायस या सरकारी नोंदप्रणालीत तो मुलगा 'ड्रॉपबॉक्स'मध्ये जाईल आणि नवी शाळा उचलून घेईपर्यंत तिथेच पडून राहील. त्या दिवशी रेंज नव्हती, म्हणून तो अजून कुठेच पडला नव्हता.

मी मनातल्या मनात हिशेब करत होतो. 11तून चौथीची तीन गेली, हा एक गेला, राहिली सात. मेळाव्यातला मुलगा आला तर आठ. मुलीच्या आईने काही सांगितलं नव्हतं. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेची शिक्षकपदं ठरतात, आणि तिच्यात आधार जुळलेलंच मूल मोजलं जातं. 2023मध्ये राज्यात विसाच्या आतल्या पटाच्या शाळा सुमारे 15 हजार होत्या. त्याच वर्षी पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं पुढे ठेवून समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले, म्हणजे लहान शाळा मिटवून मुलं गाडीने एका मोठ्या शाळेत न्यायची. मोठ्या शाळेत खेळायला गडी मिळतात, विषयाला शिक्षक मिळतो, हे मी नाकारत नाही. पण ज्या ओढ्यावर साकव नाही, त्यावरून गाडी कशी जाणार ते मला कळलेलं नाही.

"शाळा बंद झाली तर या वहीचं काय होतं?" मी विचारलं.

बाईंनी कपाटाचा खालचा खण उघडला. तिथे आणखी एक रजिस्टर होतं, बारीक, जवळजवळ नवं. पलीकडच्या वस्तीवरच्या शाळेचं. ती मिटली तेव्हा ते इथे ताब्यात आलं. त्या शाळेची नक्कल मागायला माणसं आता इथे येतात आणि नसलेल्या शाळेच्या नावाने बाई दाखला लिहितात. मी शेवटचं लिहिलेलं पान पाहिलं. क्रमांक 87, पाठोपाठ शाळा सोडल्याचा दिनांक, वर्तणूक चांगली. त्याखालच्या छापील ओळी कोऱ्या, आणि पुढची शंभरेक पानंही.

मग त्यांनी आपली मोठी वही उघडली. दुसरीतल्या मुलाच्या ओळीचा शेवट पूर्ण केला, शाई वाळू दिली, आणि मागे जाऊन शेवटच्या नोंदीखाली पुढचा क्रमांक घातला. त्यासमोर मेळाव्यातल्या मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं फिकट पेन्सिलीने. जन्माचा दाखला अजून ग्रामपंचायतीतून यायचा होता.

"पेन्सिल चालते?"

"नाही चालत," बाई म्हणाल्या आणि वही फडक्यात बांधली. साडेबाराची एसटी होती. पोषण आहाराच्या वहीत वर्षअखेरची तांदळाची शिल्लक लिहायची राहिली होती. मावशी डबा तराजूवर ठेवून हाक मारत होत्या.