शाळेतील जुने संगणक – लेखांक सहावा : एकलकोंड्या आज्ञावली आणि सामाईक दफ्तर

गेल्या लेखांकात आपण बीबीसी मायक्रो हे यंत्र एकेकटे चालवून पाहिले. आता अशा यंत्रांची रांग इकोनेट या जाळ्याने जोडून तीवर त्या काळच्या शैक्षणिक आज्ञावली चालवावयाच्या आहेत. १९८१ पासून ब्रिटनच्या उद्योग खात्याने माध्यमिक शाळांना संगणक निम्म्या खर्चात मिळवून दिले. तथापि त्या वेळी डिस्क-ड्राइव्ह ही इतकी महाग वस्तू होती की प्रत्येक यंत्राला ती देणे परवडेना, आणि एकाच डिस्कचा कारभार साऱ्या वर्गाने वाटून घ्यावा या निकडीमुळे केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे हे जाळे शाळाशाळांत पसरले. भारत सरकारनेही १९८४ मध्ये 'क्लास' योजनेसाठी हेच यंत्र निवडले होते, तेव्हा त्यावरील तांबड्या फंक्शन-कळांची रांग आमच्या काही वाचकांनी बालपणी पाहिलीही असेल.

तारांचा मामला सोपा आहे. पाच पिनांच्या जोडणीतून दोन तारा मजकुराच्या, दोन कालस्पंदांच्या आणि एक भूमीची अशा जातात. दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा, आणि स्पंद देणारी पेटी बंद असेल तर पडद्यावर 'नो क्लॉक' असा रोकठोक जबाब येतो. प्रत्येक यंत्राचा क्रमांक आतल्या फलकावरील आठ दुव्यांनी ठरतो. २५४ हा क्रमांक रिवाजाने फाइल-सर्व्हरचा. हा सर्व्हर म्हणजे कचेरीतील दफ्तरदारच: 'आय ॲम' म्हणून नाव नोंदविल्यावाचून कागद मागावयास गेलात, तर तो 'हू आर यू?' असे विचारून वाटेला लावतो.

खरी अडचण तारांत नसून आज्ञावलींत आहे. त्यांतील बहुतेक एका यंत्राची एक डिस्क हे गृहीत धरून लिहिल्या गेल्या. भूगोलाचा अथवा अंकगणिताचा पाठ अनेक तुकड्यांत विभागलेला असतो आणि पहिला तुकडा संपताच बेसिक भाषेतील 'चेन' या हुकमाने दुसरा बोलावला जातो. परंतु सर्व्हर सामाईक ग्रंथालयात शोध घेतो तो केवळ तारांकित आज्ञांसाठी, 'चेन'साठी नव्हे, आणि म्हणून विद्यार्थी स्वतःच्या खात्यात बसलेला असला की पहिला तुकडा सुरळीत चालूनही दुसरा 'सापडत नाही'. यावर उपाय म्हणजे प्रत्येक 'चेन'पुढे मूळ निर्देशिकेपासूनचा संपूर्ण मार्ग लिहावा. याहून विचित्र फजिती गुणनोंदींची होते: आज्ञावली ठरावीक नावाच्या एकाच फाइलीत गुण लिहिते, आणि दोन मुले एकदम तिथे पोहोचली की दुसऱ्याला 'ऑलरेडी ओपन' म्हणून मज्जाव होतो. ती फाइल ज्याच्या त्याच्या खात्यात उघडावी हे उत्तम. मात्र मूळ प्रत अबाधित ठेवून बदल नकलेतच करावेत, आणि कोणती ओळ बदलली त्याची नोंद तिथेच ठेवावी, कारण जुन्या आज्ञावलीची 'सुधारलेली' प्रत जिथे एकमेव उरते तिथे मूळ कोणते हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

स्मृतीचा हिशेब तर कृपणाच्या जमाखर्चासारखा पै-पैचा. एकंदर ३२,७६८ बाइट. त्यांपैकी आठ रंगांचा पडदा २०,४८० घेतो, आणि डिस्कची व्यवस्था धरून खालचे ६,४०० गेले की आज्ञावलीला ५,८८८ उरतात. त्याच यंत्रात जाळ्याची चिपही बसविली की आणखी ५१२ कमी होतात, आणि जिथे लेखकाने शेवटचा बाइटही वापरला असेल तिथे काल चालणारा पाठ आज 'नो रूम' म्हणून थांबतो. जाळ्यावरील यंत्रांतून डिस्कची चिप काढून ठेवावी, म्हणजे तिने अडविलेली जागा मोकळी होते. सर्व्हर असताना तिची गरजही नसते. उरल्या त्या आज्ञावली, ज्या नकलेला प्रतिबंध व्हावा म्हणून फाइलींना बगल देऊन डिस्कचे विभाग थेट वाचतात. सर्व्हरपाशी असे विभाग मागताच येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी स्वतःची डिस्क असलेले एक यंत्र जाळ्याबाहेर ठेवावे. ते कसे सज्ज करावयाचे, हे पुढील लेखांकात.