मण्यांआडचा दोरा

माळ विकत घेताना आपण मणी निरखतो. दोरा कसला आहे ते ती तुटल्यावर कळते. हातच्या दागिन्यांना सध्या बरे दिवस आहेत. भाजलेल्या मातीचे मणी, बांबूचे डूल, बियांच्या माळा प्रदर्शनांत हातोहात खपतात आणि सोबत ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठीही मिळते. यातल्या कितीतरी माळा तंगुसात ओवलेल्या असतात. मातीचे मणी कधीतरी मातीत जातील. मासेमारीच्या जाळ्यांतून दागिन्यांत आलेला हा नायलॉनचा दोरा मात्र कुजत नाही, झिजला तर त्याचे बारीक तुकडे होतात.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत याला पर्याय शोधायला दूर जावे लागत नाही. इथे मण्यांची हौस जुनी आहे. ठाकर बायकांच्या गळ्यात मण्यांचे सरावर सर असत. आणि दोरी वळणे तर शेतीच्या कामातलेच. पौष पौर्णिमेची म्हसा गावची जत्रा गुरांच्या बाजारासाठी नावाजलेली. गुरे आली की दावी, कासरे, वेसणी आल्याच.

या दोऱ्यांचे मूळ पीक म्हणजे अंबाडी. पावसाच्या सुरुवातीला नाचणी-वरीबरोबर वरकस जमिनीत किंवा बांधाच्या कडेने ती पेरायची, कोवळी पाने भाजीला खुडायची आणि फुलोऱ्यावर आली की कापायची. जुड्या पाण्यात दाबून ठेवल्या की आठ-पंधरा दिवसांत साल सुटते. काठी एका हातात धरून बुंध्याकडून साल ओढली की वाखाची लांब पट्टी निघते. ती आपटून धुतली, सावलीत वाळवली की फिकट पिवळसर वाख तयार. दोन पेड मांडीवर एका दिशेने पिळायचे आणि एकमेकांवर उलट दिशेने चढवायचे. दोन्ही पीळ परस्परांना अडवतात, म्हणून दोरी उलगडत नाही.

हीच दोरी बारीक वळली तर माळेला चालेल का? मण्यावर अवलंबून आहे. अंबाडीचा वाख तागासारखा खरखरीत. लाकडाचा, मातीचा, चवेणीच्या (रानकेळीच्या) काळ्या बीचा मोठ्या भोकाचा मणी तिच्यावर शोभतो. दोन मिलिमीटरच्या काचमण्याचे भोक एक मिलिमीटरही नसते. तिथे ती शिरत नाही, आणि उघड्या मानेला टोचतेही. घायपाताचा वाख अधिक ताठ, आणि ओल्या पानाचा रस अंगाला लागला की खाज सुटते. तो गोंड्याला किंवा जाड पट्टीला ठीक.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. वाख कुजवलेले पाणी घाण होते, त्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. तानसा (१८९२), मोडकसागर आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर परिसरातलीच. त्यामुळे जुड्या ओढ्यात न टाकता टाकीत कुजवाव्यात आणि ते पाणी शेताला द्यावे. नाहीतर प्लास्टिक टाळून ओढा बिघडवल्यासारखे होईल.

बारीक मण्यांसाठी चांगला पीळ दिलेले सूतच खरे. कापूस या भागातला नाही, त्याच्या शेतीत फवारणीही पुष्कळ. पण सूत कुजते, मऊ असते आणि ओले झाल्यावर कमजोर न होता उलट थोडे बळकट होते. कोकणच्या पावसात आणि घामात हा गुण मोलाचा. रेशीम ओलेपणी काहीसे कमजोर पडते, तर ‘आर्ट सिल्क’ नावाचे व्हिस्कोस निम्म्यावर येते. तरी मोत्यांना रेशीमच लागते, कारण दोन मोत्यांमध्ये त्याची गाठ घट्ट आणि मऊ बसते. सुतावर मधमाश्यांचे मेण घासले की धागे विस्कटत नाहीत आणि सुईतही सहज जाते. बाजारातला ‘मेणाचा दोरा’ मात्र बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा असतो. नायलॉन येण्यापूर्वी कोळी सुती जाळी झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवत. त्यातल्या टॅनिनमुळे सूत लवकर कुजत नसे. ऐनाच्या सालीचा तपकिरी काढा आजही सुती दोऱ्याला रंग आणि आयुष्य दोन्ही देऊ शकतो.

दोऱ्याची पारख घरी होते. टोक चिमट्यात धरून पेटवा. कागद जळल्याचा वास आणि हलकी राख म्हणजे सूत, वाख किंवा व्हिस्कोस. केस जळल्याचा वास म्हणजे खरे रेशीम. वितळून कडक गोळी झाली तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर, मग चिठ्ठीवर काहीही लिहिलेले असो.

एवढे करूनही सुती दोरा तुटणारच. जुन्या काळी हा दोष मानत नसत. मंगळसूत्र, मोत्यांचे सर ठरावीक काळाने पटवेकराकडे गाठवायला जात. मणी तेच, दोरा नवा. आजच्या बचतगटाने किंवा कारागिराने हाच व्यवहार उभा करावा: माळेच्या किमतीत एकदा गाठवून देण्याचा खर्च धरावा. दोरा तुटणारा म्हणून बाळ असलेल्या घरात गुंजेची माळ मात्र देऊच नये, कारण माळ तुटून पडलेली विषारी गुंज चावली गेली तर जिवावर बेतते. तुटणारच नाही असा दोरा विकण्यापेक्षा तुटल्यावर पुन्हा ओवून देईन, असा शब्द देणे अधिक प्रामाणिक. त्यात कारागिराला गिऱ्हाईक पुन्हा भेटते आणि अंबाडीला बांधावर जागा मिळते.