इन्व्हर्टरची बॅटरी कशाने मरते आणि मेल्यावर कुठे जाते?

आमच्या कोलशेतच्या घरातली इन्व्हर्टरची बॅटरी यंदा मे महिन्यात बसली. १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर, जेमतेम तीन वर्षं चालली. मी फोनची बॅटरी हेल्थ रोज बघणारा माणूस, पण सोफ्यामागच्या या डब्यात डिस्टिल्ड वॉटर शेवटचं कधी घातलं, ते घरात कोणालाच आठवेना.

आधी गणित बघा. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-अवर, पण कागदावर. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हिशोबात ९०० धरा. शेतघरावरच्या ऑफ-ग्रिड सोलरला ही मर्यादा जास्त बोचते, कारण तिथे बॅटरी रोज रात्री उतरते. शहरातलं दुखणं वेगळं. अर्धवट चार्ज होऊन पडून राहिली की प्लेटवर सल्फेटचे खडे जमतात आणि ती चार्ज धरेनाशी होते. पाणी आटून प्लेट उघड्या पडल्या तर त्या भागाचं काम संपलंच (आमचं हेच झालं). त्यात उकाडा: २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. लिथियम फॉस्फेटवाली हजारो सायकल चालते, पाणीही लागत नाही, पण महाग.

आता खरी गोष्ट. भंगारवाला म्हणाला, "ॲसिड मोरीत ओता, मग वजन करतो." त्या ॲसिडमध्ये शिसंही असतं, आणि आमच्याकडची गटारं शेवटी खाडीकडेच जातात. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं. ते उघड्यावर वितळवलं की धूर आणि धूळ आजूबाजूच्या पोरांच्या रक्तात जाते. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीनपैकी एका मुलाच्या रक्तात ते ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आहे.

२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करवून घेणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे. आपलं काम एवढंच, की ती इतर कचऱ्यात न टाकता योग्य ठिकाणी द्यायची. म्हणून आम्ही नवीन घेताना जुनी दुकानदारालाच दिली, ॲसिडसकट, उभीच ठेवून, आणि बिलावर एक्सचेंज लिहून घेतलं. भंगारापेक्षा चारशे रुपये कमी मिळाले. बाबा अजून ते चारशे काढतात.