सूतिकेचें सौमनस्य

संस्कृत वैद्यकग्रंथांतील सूतिकाप्रकरण बहुधा औषधें, आहार व रक्षाविधि यांच्यासाठीं वाचलें जातें. प्रसूत स्त्रीच्या मनाविषयीं त्यांत काय सांगितलें आहे, इकडे क्वचितच लक्ष जातें. त्या दृष्टीनें सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांतील १० व्या अध्यायाचें एक स्थळ वाचकांपुढें ठेवीत आहे.

मातेचें दूध कां नाहीसें होतें, हें सांगतांना सुश्रुतानें क्रोध, शोक व अवात्सल्य हीं कारणें एकत्र गोंविलीं आहेत. पैकीं 'अवात्सल्य' हा शब्द विचारणीय आहे. अपत्याविषयीं माया न वाटणें हा लोकव्यवहारांत मातेचा अपराध गणला जातो. संहिताकार मात्र त्यास शोकाच्या पंक्तीस बसवून चिकित्सेचा विषय करितो. उपायाचा क्रमहि पाहण्याजोगा आहे. प्रथम तिच्या ठिकाणीं सौमनस्य उत्पन्न करावयाचें, आणि मग यव, गहूं, साळी, मांसरस इत्यादि आहार द्यावयाचा. मन आधीं, अन्न मागाहून.

प्रसूतिसमयीं जवळ कोणीं असावें, याचेंहि वर्णन याच दिशेनें जातें. सुश्रुताच्या मतें ज्यांचा संकोच वाटूं नये अशा, प्रौढ, प्रसूतिकर्मांत कुशल व नखें कापलेल्या चार स्त्रिया असाव्या. चरकाला (शारीरस्थान, अध्याय ८) त्या अनेकवार प्रसूत झालेल्या, स्नेहाळ, क्लेश सोसणाऱ्या आणि विषादरहित हव्या आहेत. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादास अग्रस्थान देणाराहि चरकच होय (सूत्रस्थान, अध्याय २५), हें येथें ध्यानांत घ्यावें.

एवढ्यावरून प्राचीनांस आजचें 'प्रसूत्युत्तर नैराश्य' ठाऊक होतें असें म्हणणें धाडसाचें होईल. सुश्रुताचें प्रयोजन स्तन्य हें आहे. तथापि एक तुलना बोधप्रद वाटते. सुश्रुत दीड महिन्यानंतर 'सूतिका' ही संज्ञा सुटते असें सांगतो. आपल्याकडील बाळंतीण सव्वा महिन्यानें उठते. गोमंतकांतील एका जिल्हा रुग्णालयांत २७० गर्भवती स्त्रियांस घेऊन केलेलें संशोधन २००२ सालीं प्रसिद्ध झालें. प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांनीं त्यांतील शेंकडा २३ माता नैराश्यानें ग्रस्त आढळल्या, व त्यांपैकीं निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनींहि बऱ्या झाल्या नव्हत्या. दारिद्र्य, पतीकडून होणारी मारहाण आणि मुलगी जन्मणें यांचा या दुखण्याशीं संबंध दिसून आला. म्हणजे संज्ञा सुटते, शेकशेगडी थांबते, त्याच सुमारास कित्येकींचें दुःख मात्र ऐन भरांत असतें. आज तें ओळखण्यास १९८७ सालची एडिंबरो येथील दहा प्रश्नांची पद्धति आहे. ते प्रश्न साधी परिचारिकाहि विचारूं शकते.

ग्रंथांतील चार परिचारिका संपन्न घरासच परवडणाऱ्या होत. गरीब बाळंतिणीजवळ एखादी सुईण असे, किंवा तीहि नसे. तिची हकीकत संहितेंत सांपडणार नाहीं. सांपडलीच तर घरगुती बाडांत, काढ्यांच्या टिपणांत, सुइणीस दिलेल्या लुगड्याच्या वा धान्याच्या नोंदींत सांपडेल. दप्तर लावतांना असे कपटे निरुपयोगी म्हणून बाजूस सारण्याची आपली संवय आहे. संग्राहकांस विनंति, कीं त्यांनीं ते टाकूं नयेत. सौमनस्य कोणाच्या वांट्यास आलें व कोणाच्या आलें नाहीं, हें सांगणारा दुसरा साक्षीदार बहुधा उरलेला नाहीं.